विसावं कडं

एकोणीस आणि वीस यांत फरक किती, असं मला कुणी विचारलं तर मी आठ वर्षं असं उत्तर देईन.

मेघालयातल्या एका चुनखडीच्या गुहेत, गुडघाभर पाण्यात उभं राहून, चष्म्यावर वाफ धरलेली असताना मी एका किड्याच्या अंगावरची कडी मोजली आणि मनातल्या मनात वीस म्हणालो. लगेच त्याला अल्कोहोलच्या बाटलीत टाकलं. कलकत्त्याला परतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली मोजली, तर एकोणीस भरली. पुन्हा मोजली. एकोणीसच. त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडता घरी आणला आणि घरमालकीणबाईंच्या मांजराला घातला.

हा किडा म्हणजे वाणी. पावसाळ्यात ओल्या भिंतीवरून सरकणारा, बोट लावलं की वेटोळं करून बसणारा वाणी आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेला असतो. बंगालीत त्याला केन्नो म्हणतात आणि चिमूटभर मीठ टाकून मारतात. माझी सगळी नोकरी या वाण्यांची वर्णनं लिहिण्यात गेली. नवी जात सापडली की मोजमापं घ्यायची, चित्रं काढायची, आधीच्या जातींपेक्षा ती वेगळी कशी ते लिहायचं आणि नाव द्यायचं. या कामात एक अट असते आणि ती ऐकून लोक हसतात. वर्णनाला पूर्ण वाढ झालेला नर लागतो. माद्या सगळ्या सारख्याच दिसतात. नराच्या सातव्या कड्यावरची पायांची एक जोडी मात्र मीलनासाठी बदललेली असते. तिला आम्ही गोनोपॉड म्हणतो. मोहरीच्या दाण्याहून लहान, पण कुलपाच्या किल्लीसारखी प्रत्येक जातीची निराळी. शेवटची कात टाकेपर्यंत तिथे नुसते दोन फुगवटे असतात. ती कात टाकली की गोनोपॉड तयार होतं आणि अंगाला विसावं कडं येतं.

म्हणजे मी ज्याला मारलं त्याची एक कात बाकी होती. गुहेत फुगवटे दिसले आणि मी 'नर, नर' म्हणत हुरळून गेलो. त्या हुरळण्यात मी एक कडं जास्त मोजलं. हा घोटाळा जगात फार थोड्या माणसांना करता येईल, आणि त्यांतला एक मी निघालो.

तो दिसायला फार सुंदर होता, हे सांगायला हवं. इंचभर लांब, पांढरा आणि इतका पातळ की पोटातली माती बाहेरून दिसावी. पाय आणि मिशा उजेडात राहणाऱ्या भावंडांच्या दुप्पट. डोळे नाहीत, पण त्याचं श्रेय गुहेला नाही. या कुळात बाहेरच्यांनाही डोळे नसतात. नवी जात आहे याबद्दल मला शंका नव्हती. पण शंका नसणं आणि छापता येणं यांत माझ्या धंद्यात एका कड्याचं अंतर असतं.

पुढची आठ वर्षं ती बाटली माझ्या टेबलाच्या डाव्या खणात राहिली. दुसऱ्यांदा त्या गुहेत जायची परवानगी मिळाली ती गेल्या वर्षी मार्चमध्ये, निवृत्तीला वर्ष राहिलं असताना. तिसऱ्यांदा मिळणार नाही हे उघड होतं. तिथे गेल्यावर वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्या खासी गृहस्थांनी मला जे सांगितलं ते मी आठ वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. मोठे नर दिसतात ते पाऊस लागला की, आणि तेव्हा आत जावं तर एका रात्रीत गुहा छतापर्यंत पाण्याने भरते. कोरड्या दिवसांत आत जाणाऱ्याला माद्या आणि पोरंच मिळणार. सहा तास शोधल्यावर मला पुन्हा एक एकोणीस कड्यांचाच नर मिळाला.

या वेळी मी त्याला मारलं नाही. गुहेतली माती, सडकी पानं आणि वटवाघळांची थोडी विष्ठा यांच्यासकट डब्यात घालून कलकत्त्याला आणलं. उरलेली कात त्याने माझ्या घरी टाकावी, असा बेत होता.

गुहेत बाराही महिने गारवा असतो आणि कलकत्त्यात एप्रिलमध्ये काय असतं ते वेगळं सांगायला नको. मी नोकरी करतो त्या संस्थेतल्या थंड खोलीचा यंत्रसंच कधी चालू असेल आणि कधी बंद, याचा भरवसा नव्हता. शेवटी मी सियालदहच्या बाजारातून मासळीची थर्माकोलची मोठी पेटी आणली. तिच्यात मधोमध डबा आणि कडेने पाणी गोठवलेल्या चार बाटल्या. बाटल्या दिवसातून तीनदा बदलायच्या. पेटी कितीही धुतली तरी तिचा हिलसा माशाचा वास गेला नाही. ही पेटी मी माझ्याच मजल्यावर, गच्चीच्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत ठेवली, कारण तिथे खिडकी नाही.

माझा फ्रीज एकट्या माणसाचा, चार बाटल्या मावतील एवढा नव्हता. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई, ज्यांना मी माशीमा, म्हणजे मावशी, म्हणतो, त्यांच्या फ्रीजरचा एक कप्पा मागून घेतला. केन्नोसाठी बर्फ, हे त्यांच्या गळी उतरायला आठवडा लागला. त्यांनी आयुष्यभर न्हाणीघरात केन्नोंवर मीठ टाकलं होतं. पण एकदा मान्य केल्यावर दुपारची पाळी त्यांनीच घेतली. मी संध्याकाळी एस्प्लनेडहून मेट्रो पकडून घरी पोचलो की दारातच विचारायच्या, "पोका केमोन आछे?" किडा कसा आहे, एवढंच. मी कसा आहे असं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मला ते बरंच वाटायचं.

मी इथे बदलीवर आलो त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा आम्ही तिघं आलो होतो. तीन वर्षांत मुलगी घरातही बंगालीत उत्तरं द्यायला लागली. शाळेतून आल्यावर 'आई, मी पाणी खाल्लं' म्हणायची, कारण बंगालीत पाणी खातात. मला गंमत वाटायची. बायकोला वाटत नसे. ती सांगलीच्या शाळेतल्या नोकरीतून रजा घेऊन आली होती आणि रजा संपत आली होती. तिने मुलीला घेऊन पुढे जावं आणि दोन वर्षांत मी बदली घेऊन मागून यावं, असं ठरलं. स्टेशनवर मी मुलीला सांगितलं की तिच्या पाचवीच्या परीक्षेपर्यंत मी येईन.

मुलगी आता बंगळूरला नोकरी करते. दरवर्षी मी बदलीचा अर्ज लिहीत असे आणि एखादं वर्णन अर्धवट आहे म्हणून पुढच्या वर्षावर ढकलत असे. संग्रह इथे, जुनी पुस्तकं इथे, वाण्यांचं काम करणारा दुसरा कुणी नाही. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण पहिली काही वर्षं गेल्यावर दुसरं एक कारण आलं आणि ते मी कुठल्याच अर्जात लिहिलं नाही. सुट्टीत घरी गेलो की मला साखरेचा डबा कुठे आहे ते विचारावं लागायचं. टीव्हीसमोर कुणी कुठे बसायचं हे त्या दोघींचं ठरलेलं असायचं आणि मी बसलो की दोघींना थोडं थोडं सरकावं लागायचं. त्या हसत सरकायच्या. मला त्याचीच भीती वाटायची.

इथे मराठी मंडळींचा गणपती असतो, कोजागिरी असते. सुरुवातीला जायचो. मग बायको-मुलीची चौकशी व्हायची आणि 'येतील आता' म्हणायचा मला कंटाळा आला. जाणं सुटलं. त्यामुळे माझं मराठी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी फोनवर, वीसेक मिनिटांचं उरलं. बाकी दिवस बंगाली, हिंदी, इंग्रजी. त्या एप्रिलपासून मात्र मी पेटीशी मराठी बोलायला लागलो. झाकण उघडलं की 'काय म्हणताय?' असं विचारायचो. त्याला अहोजाहो करत होतो. त्याला कान नाहीत, डोळे नाहीत आणि माझं काही सोयरसुतकही नाही, हे मला कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. तरी बोलायचो. पानांचा नवा थर घातला की 'हे जरा बघा, बागेतलं आहे' म्हणायचो. बायकोशी रविवारी बोलताना मला शब्द आठवावे लागत, इथे लागत नसत.

सप्टेंबरच्या शेवटी तो दिसेनासा झाला. मातीत बोराएवढा एक घुमट उभा राहिला होता. कात टाकायच्या आधी वाणी असं स्वतःभोवती घर बांधून घेतो आणि आत काही आठवडे निपचित पडून राहतो. अंग मेणासारखं मऊ झालेलं असतं. घुमट फोडला तर तो मरतो. म्हणजे आत काय चाललंय ते पाहता येत नाही, नुसतं थांबायचं. मी माशीमांना सांगितलं की आता डबा हलवायचा नाही, बाटल्यासुद्धा अलगद ठेवायच्या.

पुढच्या आठवड्यात पुजो, म्हणजे इथली दुर्गापूजा, आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मांडव असतो आणि ढाक, म्हणजे त्यांचा मोठा ढोल, वाजायला लागला की माझ्या कपाटातल्या बशा थरथरतात. सगळं शहर नवे कपडे घालून रस्त्यावर होतं आणि मी अडगळीच्या खोलीत पेटीखाली घडी केलेली गादी सरकवत होतो, हादरे पोचू नयेत म्हणून. अष्टमीला माशीमांनी प्रसादाची खिचडी वर पाठवली. ती मी पेटीशेजारी स्टुलावर बसून खाल्ली. मला आठवतं, त्या दिवशी मला अजिबात वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटत नाही याचंच नंतर वाईट वाटलं.

तीन आठवडे झाले, चार झाले. घुमट तसाच. दिवाळी जवळ आली. मुलगी या वर्षी आठ दिवस सांगलीला येणार होती, आणि पुढच्या वर्षी तिला कंपनी परदेशी पाठवण्याची शक्यता होती. बायकोने रविवारी विचारलं, मी कधीची तिकिटं काढलीत. मी घुमटाचं सांगितलं. बर्फ बदलायला कुणी नाही म्हणालो.

ती म्हणाली, "अहो, तो आत जिवंत आहे की नाही हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही."

मी म्हणालो, तेच तर. माहीत नाही म्हणूनच थांबायला हवं. त्यावर ती बरं म्हणाली आणि चकलीची भाजणी दळून आणायची आहे म्हणून फोन ठेवला.

बर्फ बदलायला कुणी नाही, हे खोटं होतं. त्याच सकाळी माशीमांनी आपणहून सांगितलं होतं की दिवाळीला मी खुशाल घरी जावं, त्या तिन्ही वेळा बाटल्या बदलतील. दुपारची पाळी त्यांनी सहा महिन्यांत एकदाही चुकवली नव्हती, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून त्यांना जास्तीचं काम होतं दहा मिनिटांचं. मी त्यांना सांगितलं की बायको आणि मुलगी फिरायला जाणार आहेत, घरी कुणी नाही. म्हणजे इकडे एक थाप आणि तिकडे एक. किड्याच्या पाठीआड लपणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही. दिवाळीच्या पहाटे मी अभ्यंगस्नान केलं, उटणं नव्हतं म्हणून नुसतं तेल लावून, आणि नंतर पेटी उघडून पाहिली. घुमट तसाच होता.

तो बाहेर आला भाऊबीजेनंतर चार दिवसांनी. सकाळची बाटली ठेवायला झाकण काढलं तर घुमटाला भोक होतं आणि पानाच्या कडेला तो उभा होता. पांढरा, नवाकोरा. मी लाल दिव्यात मोजायला सुरुवात केली. बोट डब्यावर ठेवून, ओठ हलवत, पहिलीतल्या मुलासारखा. वीस. पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजली. वीसच. पोटाखाली सातव्या कड्याशी दोन बारीक वळलेले आकडे, म्हणजे गोनोपॉड, दिसत होते. असे आकडे मी दुसऱ्या कुठल्या वाण्याचे पाहिले नव्हते, आणि मी पाहिले नव्हते म्हणजे बहुधा कुणीच नव्हते.

"झाले की हो वीस," मी त्याला म्हणालो.

नव्या कातीचं कवच कडक व्हायला आठ-दहा दिवस लागतात. तोपर्यंत थांबायचं, हे शास्त्र झालं. त्यानंतरचे बारा दिवस माझे. पुढे काय करायचं ते ठरलेलंच होतं. वर्णन ज्या एका नमुन्यावर बेतलेलं असतं त्याला होलोटाइप म्हणतात, तो मेलेलाच असतो आणि संग्रहात कायमचा राहतो. अशी शेकडो जनावरं मी बिनदिक्कत बाटलीत घातली आहेत. आणि उशीर करणं धोक्याचं होतं. तो रात्रीत मेला असता तर ओल्या मातीत दोन दिवसांत बुरशी चढली असती आणि आठ वर्षं पुन्हा पाण्यात गेली असती. हा उशीर एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. रोज सकाळी ठरवायचो, रोज पानं बदलायचो आणि ऑफिसला जायचो.

तेराव्या दिवशी, बुधवारी, मी रजा टाकली. लेबल आधी लिहून घेतलं, काळ्या शाईने, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. लेबलावर ठिकाण लिहायचं ते जिथे पकडला तिथलं. गुहेचं नाव लिहिलं. तो पूर्ण वाढला कलकत्त्यात, आयुष्याचे आठ महिने त्याने या अडगळीच्या खोलीत काढले, पण त्याला लेबलावर जागा नसते. फार तर मजकुरात एक ओळ येते की नमुना बंदिस्त अवस्थेत वाढवला. माझ्याही बाबतीत इथले लोक बावीस वर्षांनंतर 'ते सांगलीचे' असंच म्हणतात.

बाटली डब्याशेजारी ठेवली. तो माझ्या चिमट्याच्या टोकावर आपणहून चढला. मिशांनी चाचपत, घाई न करता.

"चला," मी म्हणालो.

एक मिनिट लागलं. मग मी स्टुलावर बसून राहिलो आणि मला रडू आलं. एका वाण्यासाठी नव्हे, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

संध्याकाळी माशीमा नेहमीप्रमाणे गोठलेली बाटली घेऊन वर आल्या. पोका कसा आहे, त्यांनी विचारलं. मला सांगवेना. चांगला आहे म्हणालो, बाटली घेतली आणि रिकाम्या पेटीत नेऊन ठेवली. मग बायकोला फोन केला.

बुधवार होता म्हणून ती घाबरली. बरं आहे ना, असं दोनदा विचारलं. मी सांगितलं की वीस भरली, वर्णन होणार, मार्चच्या आत छापायलाही जाईल. तिने सगळं ऐकून घेतलं. कडं म्हणजे काय ते तिला माहीत आहे, इतकी वर्षं ती ऐकत आली आहे. चांगलं झालं, तुमचं राहिलेलं काम झालं, असं मनापासून म्हणाली. दिवाळीला मी काय केलं हे तिने विचारलं नाही. मीच सांगितलं. माशीमा बर्फ बदलायला तयार होत्या, मी यायला घाबरलो, असं सरळ सांगून टाकलं.  तिला ते ठाऊक असावं.

मग मी म्हणालो की मार्चनंतर तिकडे येतो.

"या ना," ती म्हणाली. "किती दिवस राहणार आहात?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिने साधेपणाने विचारलं होतं, येणाऱ्या पाहुण्याला विचारावं तसं, दूध किती घ्यायचं ते कळावं म्हणून. मला आठ वर्षं एका कड्याची चूक जाचत राहिली होती, आणि त्या दोघी गेल्यापासूनची ही एकोणीस वर्षं मी कधी मोजलीच नव्हती.

"कायमचा," मी म्हणालो.

 नुसता पंखा ऐकू येत होता, तिचा की माझा ते कळत नव्हतं. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हणालो.

"आहे मी," ती म्हणाली. "कपाटातला एक खण रिकामा करायला लागेल. एक पुरेल ना?"

पुरेल, मी म्हणालो.